आरोपीचा वर्ण आणि निवेदकाचा मुखवटा : अमेरिकेतील स्थानिक बातम्यांवरील उपहास

बातम्यांचे विडंबन करणाऱ्या प्रहसनाला आपला आकृतिबंध नव्याने घडवावा लागत नाही. तो बातम्यांनीच सिद्ध करून ठेवलेला असतो. अमेरिकेतील स्थानिक दूरचित्रवाणी-बातम्या हे याचे ठळक उदाहरण होय. फिलाडेल्फियात १९६५ मध्ये ‘आयविटनेस न्यूज’ आणि १९७० मध्ये ‘ॲक्शन न्यूज’ ही रूपे आकारास आली व पुढे अनेक शहरांनी ती स्वीकारली. शेजारी बसलेले प्रसन्न निवेदक, त्यांच्यातील सलगीचा संवाद, आरंभी गुन्हे व अपघात, नंतर हवामान व खेळ, असा हा साचा आहे. त्यात दडलेल्या वर्णविषयक पूर्वग्रहावर उपहास नेमका कोठे आघात करतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा पूर्वग्रह निवेदकाच्या शब्दांपेक्षा बातम्यांच्या निवडीत, क्रमात व चित्रात अधिक आढळतो. १९६७ च्या दंगलींच्या पार्श्वभूमीवर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ च्या अहवालात, वृत्तमाध्यमे गोऱ्यांच्या दृष्टीने जग पाहतात, असा ठपका ठेवला होता. फ्रँकलिन गिलियम व शांतो अय्यंगार यांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. ज्यांना आरोपीचा उल्लेखही नसलेली गुन्ह्याची बातमी दाखविली, त्यांपैकी सुमारे ६० टक्के प्रेक्षकांना आरोपी पाहिल्याचे ‘आठवले’. त्यांतील सुमारे ७० टक्क्यांना तो कृष्णवर्णीय असल्याचे ‘आठवले’. म्हणजेच बातमीतील रिकामी जागा प्रेक्षक स्वतः भरतो. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर दोन वृत्तसंस्थांच्या छायाचित्रांखालील ओळींवरून वाद झाला. पुरातून खाद्यपदार्थ नेणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाने ते ‘लुटले’ होते, तर गोऱ्या जोडप्याला ते ‘सापडले’ होते.

‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात ५ ऑक्टोबर २०१९ रोजी सादर झालेले ‘मिड-डे न्यूज’ हे प्रहसन याच रिकाम्या जागेवर उभे आहे. केनन थॉम्पसन व इगो न्वोडिम हे कृष्णवर्णीय, तर ॲलेक्स मॉफट व फीबी वॉलर-ब्रिज हे गोरे निवेदक आहेत. गुन्ह्याची बातमी सुरू होते आणि आरोपीचा वर्ण उघड होईपर्यंत चौघेही ताणाखाली असतात. आरोपी गोरा निघताच कृष्णवर्णीय निवेदकांना हायसे वाटते. हळूहळू बातमीपत्राचे सामन्यात रूपांतर होते व गुण मोजले जाऊ लागतात.

येथे एकाही निवेदकाला खलनायक केलेले नाही, ही बाब लक्षणीय आहे. प्रेक्षक घरी बसून मनात जी मोजदाद करतो, तीच निवेदक उघडपणे करतात. तटस्थतेचा मुखवटा गळून पडतो तेव्हा हसू येते, कारण त्यामागचा चेहरा प्रेक्षकाला ओळखीचा असतो. उपहासाचे लक्ष्य अशा रीतीने व्यक्तीच्या वाईट हेतूकडून पाहण्याच्या सवयीकडे सरकते.

तथापि, या युक्तीची एक मर्यादाही आहे. गुणफलक दोन्ही बाजूंना समान नियम लावतो. वास्तव तसे नाही. गोरा आरोपी सापडल्याने दुसऱ्या दिवशी सर्व गोऱ्यांकडे संशयाने पाहिले जात नाही. कृष्णवर्णीय आरोपीचा भार मात्र त्याच्या समाजावर पडतो. म्हणून एका बाजूच्या हर्षात सुटकेचा निःश्वास आहे, तर दुसऱ्या बाजूला केवळ ओशाळलेपण. हा स्वरभेद हरवला, तर प्रहसन ‘दोघेही सारखेच’ अशा सोयीस्कर समजुतीला बळ देईल.

मराठी अभ्यासकाला हा विषय परका नाही. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले, आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठीचे नाते प्रामुख्याने वेदना व विद्रोह या सूत्रांतून जोडले गेले. उपहास हे त्या नात्याचे आणखी एक सूत्र ठरू शकते. बातमीतील आडनावावर नजर जाताच जातीचा अदमास घेणारा वाचक आपल्याकडेही आहे. वर्ण डोळ्यांना दिसतो, जात नावावरून वाचली जाते. हा भेद पुसून तुलना करणे योग्य नव्हे. परंतु न उच्चारलेली मोजदाद ऐकू येईल अशी करणे हे उपहासाचे कार्य दोन्हीकडे सारखेच निकडीचे आहे.