साखरखेर्ड्याच्या आराखड्यात पहिले काम कोणते?

इ. स. १७२४ मध्ये साखरखेर्ड्यानजीक निजामउल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला, आणि विजयाच्या भरात गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा असे ठेविले. ते नाव काही टिकले नाही. लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिले. दख्खनची सत्ता कोणाच्या हाती जावी ह्याचा निकाल ज्या गावाच्या शिवेवर लागला, त्या गावच्या रयतेस त्या निकालाविषयी कोणी एक शब्द विचारला नव्हता. आज काळ पालटला आहे. गावचा पैसा कोठे खर्च व्हावा हे गावकऱ्यांस विचारणे आता कायद्याने भाग आहे. मात्र विचारणारा दारी आला असता उत्तर देणारा घरी असतो काय, हा प्रश्न आमच्या व्यापारी व सुशिक्षित वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातील बाजारपेठेचे मोठे गाव. अशा गावांची एक विशेष अडचण असते. गरजा शहराच्या, आणि तिजोरी मात्र खेड्याची! गटारे, दिवे, कचरा, नळ, बाजाराची जागा हे सारे लोकांस नगरपरिषदेप्रमाणे हवे असते. पण ग्रामपंचायतीच्या पदरी येणारी रक्कम ठरलेली. अशा स्थितीत वार्षिक विकास आराखडा करणे म्हणजे कामांची यादी लिहिणे नव्हे. यादी कोणीही लिहील. वॉर्डावॉर्डातून मागण्या गोळा केल्या, प्रत्येक सभासदाचे समाधान होईल अशा रीतीने एकाखाली एक मांडल्या, की चाळीस कामांचा कागद तयार होतो. पुढे त्यांपैकी चार कामांपुरताच पैसा येतो, आणि ती चार कोणती हे सभेबाहेर ठरते. खरा निर्णय यादीत नसून अनुक्रमात असतो, आणि नेमका तोच लोक आपल्या हातून सोडून देतात.

ज्याची पेठेत पेढी आहे त्यास ही गोष्ट फोडून सांगावयास नको. भांडवल दहा हजारांचे असता लाखाच्या मालाची यादी करणारा दुकानदार दिवाळीपूर्वीच दिवाळे काढील. हंगामात काय खपेल हे पाहून तो आधी ते भरतो, बाकीचे पुढील खेपेस. मग हाच शहाणा गृहस्थ गावच्या जमाखर्चाच्या बाबतीत इतका उदार का व्हावा?

पैशाची व्यवस्थाही वाचकांनी नीट समजून घ्यावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पाच वर्षांसाठी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे अनुदानाच्या दर १०० रुपयांतील ३० पिण्याच्या पाण्यासाठी व ३० स्वच्छतेसाठी बांधलेले होते. उरलेले ४० रुपये स्थानिक गरजेनुसार खर्चता येत. पण पगार व आस्थापना ह्यांवर नव्हे. म्हणजे वरून येणारा पैसा बराचसा आपले काम ठरवूनच येतो. खरी मोकळीक आहे ती घरपट्टी, बाजाराची फी वगैरे स्वतःच्या उत्पन्नात. त्यातूनही मागासवर्गीयांसाठी शेकडा १५, महिला व बालकल्याणासाठी १० आणि दिव्यांगांसाठी ५ हे भाग राखून ठेवावे लागतात, व ते योग्यच आहे. पण जो घरपट्टी तीन-तीन वर्षे थकवितो आणि पेठेतील गटारावरून पंचायतीस दूषणे देतो, त्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की पसंतीक्रम ठरविण्याचा जो थोडासा अधिकार गावास आहे तो त्याच्याच थकबाकीत अडकून पडला आहे.

अनुक्रमासाठी भांडण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, व त्यांच्या स्वागताच्या शोभेसाठी म्युनिसिपालिटीने १,००० रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असे सभासद जोतीराव फुले ह्यांचे म्हणणे पडले. ठराव मतास गेला तेव्हा ३२ सरकारनियुक्त सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. ठराव अर्थात पास झाला. पण कमानी व पताका आधी की शाळा आधी, हा प्रश्न त्या दिवशी कागदावर आला. आजही कित्येक गावांत पाण्याच्या टाकीआधी प्रवेशद्वाराची कमान उभी राहते, तेव्हा त्या एका मताची आठवण होते.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातील. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे, एके काळी उजाड झालेले गाव. पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने तेथील ग्रामसभेने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची पद्धत पाडली. पावसाळा सरला की पडलेल्या पावसाचे माप घ्यावयाचे, विहिरींची पातळी पाहावयाची, माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी प्रथम बाजूस काढावयाचे, आणि मग उरलेल्यावर कोणती पिके घ्यावी हे ठरवावयाचे. उसास मज्जाव, शेतीच्या सिंचनासाठी बोअरवेलला मज्जाव. हे नियम लोकांस सुखाचे वाटले असतील असे नव्हे. परंतु माप डोळ्यांसमोर असल्यामुळे वाद मोजता येऊ लागला. जेथे माप नाही तेथे ज्याचा आवाज मोठा त्याचे काम पहिले.

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे नवलाचे राहिलेले नाही. म्हणून साखरखेर्ड्याने पहिले स्थान पाण्यासच द्यावे असे आमचे मत आहे, आणि तेही मोघम शब्दांत नव्हे. जलजीवन मिशनचे माप माणशी दररोज ५५ लिटरचे आहे. अर्थात दर हजार वस्तीस ५५,००० लिटर. वैशाखात कोणत्या वस्तीत ह्यापैकी किती पोचते, हे एकदा मोजून आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहावे. मग नवी टाकी हवी की जुनी वाहिनी दुरुस्त करणे पुरे, हे आपोआप कळेल. पाण्यामागून गटार, कारण पाणी वाढले की सांडपाणीही वाढते. शोभेची कामे ह्या दोहोंनंतर. आमचा हा क्रम कोणास मान्य नसेल तर त्याने सभेत उठून दुसरा मांडावा; आम्हांस त्यात आनंदच आहे.

पण सभेत यावे तर लागेल! ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या शेकडा १५ किंवा १००, ह्यांत जी संख्या कमी ती. म्हणजे मोठ्या गावात शंभर माणसे पुरतात. आणि तीही न जमल्यास सभा तहकूब होते व तहकूब सभेस गणपूर्तीची अट उरत नाही. दुकान सोडून कसे यावे, ही सबब आम्ही पुष्कळ ऐकली आहे. लग्नकार्यास दुकान बंद करणाऱ्यास वर्षातून चार दुपारी जड व्हाव्या, हे पटत नाही. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सह्यांपुरती न उरकता हंडा वाहणाऱ्या बायांचा क्रम तेथे प्रथम लिहून घ्यावा, व तोच ग्रामसभेपुढे वाचावा.

ह्याखेरीज एक अल्प खर्चाची सूचना. सभेच्या आठ दिवस आधी पेठेच्या चौकात एक काळा फळा लावावा. त्यावर कामाचे नाव, अंदाजी खर्च, पैसा कोणत्या खात्यातून, आणि चौथ्या रकान्यात गेल्या वर्षी मंजूर झालेले काम पुरे झाले की नाही, एवढेच खडूने लिहावे.