नाव तेच, नाद निराळा

अमेरिकेतील डेन्व्हर शहराचा ‘ब्लड इन्कँटेशन’ हा चौघांचा वाद्यवृंद ‘डेथ मेटल’ या कमालीच्या कर्कश संगीतप्रकारासाठी ओळखला जातो. घशातून काढलेला गुरगुराट, ड्रमचा अखंड मारा आणि इलेक्ट्रिक गिटारींचा कल्लोळ ही या प्रकाराची लक्षणे. २०१९ साली त्यांच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची वाहवा झाली. मागणी सिद्ध झाल्यावर उत्पादकाने तोच माल अधिक प्रमाणात बाजारात आणावा, हा व्यवहार. या मंडळींनी मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘टाइमवेव्ह झीरो’ काढली. तीत गायन नाही, ड्रम नाही. सुमारे वीस-वीस मिनिटांच्या दोन रचना आणि मुख्यत्वे सिंथेसायझरचे संथ, एकमेकांत विरघळत जाणारे स्वर.

असे प्रयोग करणारे कलावंत बहुधा निराळे नाव धारण करतात. मूळ नावाची पत त्यामुळे शाबूत राहते. येथे पाटी जुनीच ठेवली गेली, आणि खरा प्रश्न तेथेच उद्भवतो. नाव हे ग्राहकाला दिलेले एक प्रकारचे वचन असते. ते पाहून पैसे मोजणाऱ्याची तक्रार सर्वस्वी अप्रस्तुत म्हणता येणार नाही. (‘मेटल’च्या श्रोत्यांइतका सनातनी ग्राहक तसाही विरळाच.) शिवाय आयझॅक फॉक यांच्यासारख्या ड्रमवादकाचे वर्षानुवर्षे कमावलेले कसब, म्हणजे वृंदाचे मोठे भांडवलच, त्या चाळीस मिनिटांपुरते पडून राहिले.

तथापि, हे वळण आकस्मिक नव्हते. २०१९ च्या ध्वनिमुद्रिकेतील अखेरची रचनाच अठरा मिनिटांची होती. गोंगाटाच्या पोटी अवकाशाची ओढ तेव्हाही होती. २०२२ मध्ये केवळ गोंगाट वगळला गेला. ज्यांचा हा वारसा, त्या ‘टँजरीन ड्रीम’ची स्थापना एडगर फ्रोझे यांनी १९६७ साली पश्चिम बर्लिनमध्ये केली होती, आणि १९७४ च्या ‘फेड्रा’ने सिंथेसायझरला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली.

वचनभंगाचा हिशेब पुढे बर्लिनमध्येच चुकता झाला. तेथील हान्सा स्टुडिओत मुद्रित झालेली ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रोझे २०१५ सालीच निवर्तले होते. परंतु ‘टँजरीन ड्रीम’चे विद्यमान धुरीण थोर्स्टन क्वेश्निंग तीत सहभागी झाले. तीतही वीस मिनिटांहून अधिक लांबीच्या दोनच रचना आहेत. त्यांत सिंथेसायझरचे धुके दाटते, निवळते, आणि फॉक यांचे ड्रम पुन्हा पूर्ण वेगाने सुरू होतात.