नागपूरच्या घरगुती संगीतकारांनो, पार्श्वसंगीताकडे वळा!

नागपुरात चित्रित झालेला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ (२०२२) पुन्हा बघाल तेव्हा पार्श्वसंगीताकडे कान द्या. गाणी अजय-अतुल यांची, पार्श्वसंगीत मात्र साकेत कानेटकरांचं. शब्दांविना प्रसंगाचं वातावरण उभं करणारं हे काम मला गाण्याइतकंच मोठं वाटतं. मराठीत त्याचा भक्कम वारसाही आहे: ‘सामना’चे (१९७५) संगीतकार भास्कर चंदावरकर, रविशंकरांचे शिष्य आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले शिक्षक.

घरच्या स्टुडिओत असे तुकडे रचून ते मालिकांना, माहितीपटांना परवान्याने देता येतात. माणसाचा आवाज ज्या पट्ट्यात बसतो तिथे ठळक सुरावट नको, संवाद झाकला जातो. संकलकाला कापता येतील असे थांबे ठेवा. फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची द्या. तालवाद्यं, पॅड आणि सुरावट यांचे स्टेम्स, म्हणजे स्वतंत्र ध्वनिपट्टे, वेगवेगळे काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, करार. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीमुळे, चित्रपटातल्या संगीताचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाला तर रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराचाच राहतो. तो सोडून दिल्याचं करारात लिहून घेतलं, तरी ते कलम रद्दबातल ठरतं! कितीतरी गुणी मुलं हे माहीत नसल्यानं एकरकमी पैशांवर गप्प बसतात. रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा. कोणता तुकडा किती सेकंद वाजला हे नोंदवणारी क्यू शीट निर्मात्याकडून भरून घ्या आणि सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा.