सावलीचा पंचनामा

उडालेले पत्रे महिन्याभरात पुन्हा चढतात. बाणवली जातीच्या माडाला फळ धरायला मात्र सहा ते आठ वर्षं लागतात आणि पोफळीला पाच ते सात. दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरचं पर्यटन ‘निसर्ग’ वादळातून किती सावरलं हे पाहायचं, तर आधी या दोन मुदतींमधलं अंतर ध्यानात घ्यावं लागतं.

३ जून २०२० च्या दुपारी वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. बातम्यांत ते रायगडचं वादळ ठरलं. पण बाणकोट खाडीच्या दक्षिणेला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरुड, कर्दे या पट्ट्याचीही दैना झाली. १ जूनपासून मासेमारी बंद झाल्यामुळे बऱ्याच नौका आधीच खाडीत किंवा किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. दर्यावर जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात निभावलं. माड-पोफळीच्या वाडीवाल्यांचं नाही.

या किनाऱ्यावर थीम पार्क नाही. गणपतीपुळ्याच्या ‘प्राचीन कोकण’सारखा एखादा अपवाद सोडला, तर तिकीट काढून आत शिरावं असं जिल्ह्यात फारसं काही नाहीच. मुंबई-पुण्याचा पाहुणा येतो तो वाडीत राहायला. पुढे पुळण, मागे माड-पोफळींची गच्च सावली, जेवायला उकडीचे मोदक आणि सोलकढी. पाहुणा पैसे मोजतो ते खोलीचे, पण येतो त्या सावलीसाठी.

अमेरिकेतल्या थीम पार्कांची दोन टोकं इथे आठवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मिल्टन’ वादळासाठी फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड बंद झालं आणि ११ तारखेला, म्हणजे दोनेक दिवसांत, पुन्हा उघडलं. त्या परिसराचा कारभार पाहणारी स्वतंत्र यंत्रणा १९६७ पासून आहे. अग्निशमन, सांडपाणी, वीज सगळं तिच्याच हाताखाली. उलट न्यू ऑर्लीन्सचं सिक्स फ्लॅग्ज ऑगस्ट २००५ मध्ये ‘कतरिना’च्या पुरात बुडालं ते कायमचंच. कंपनीने हात झटकले, सांगाडे गंजत राहिले आणि पाडापाडी सुरू व्हायला २०२४ उजाडलं. कंपनीला उठून जाता येतं. आंजर्ल्याच्या आगरवाल्याला कुठे जाता येणार?

वाडी कशी कोसळते ते नीट पाहण्यासारखं आहे. माड एकटा पडत नाही. पडताना दोन-चार पोफळी घेऊन पडतो. पोफळीवर चढवलेला मिरवेल तिच्याबरोबर जातो, खालचं जायफळ फांद्यांखाली चेंगरतं. जी पोफळ उभी राहते, तिचीही धडगत नसते. आजवर माडाच्या आडोशाने वाढलेलं तिचं खोड पश्चिमेच्या उन्हात भाजतं, सालीला चिरा पडतात आणि वादळात वाचलेलं झाड नंतर जातं. पंचनामा मात्र पहिल्या काही दिवसांत होतो.

पडलेली खोडं उचलणं हे आणखी एक लचांड. पोफळीची खोडं मांडवाला, पन्हळीला उपयोगी खरी, पण सगळ्याच वाड्या आडव्या झाल्यावर ती घेणार कोण? माडाची खोडं कुजत ठेवली तर त्यांत गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि तोच पुढे नव्या रोपांचे कोंब पोखरतो. म्हणजे लागवडीच्या आधी कापणी-उचलणीचा खर्च आलाच.

आता सरकारी हिशेब. बागांसाठी हेक्टरी १८,००० रुपयांची मदत वाढवून ५०,००० केली गेली, मर्यादा दोन हेक्टर. रक्कम ऐकायला बरी वाटते. पण कोकणातली वाडी हेक्टरात नाही, गुंठ्यात मोजतात. गुंठ्याला ५०० रुपये, दहा गुंठ्यांच्या आगराला ५,०००. पोफळी २.७ मीटर अंतरावर लावल्या तर हेक्टरी सुमारे १,३७० झाडं बसतात. म्हणजे झाडामागे ३६ रुपये. ओरड झाल्यावर झाडनिहाय दर ठरला, सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये. चांगला माड वर्षाला ऐंशीच्या आसपास नारळ देतो. त्याची भरपाई दहा-बारा नारळांच्या किमतीत! त्यातही सातबारा सामायिक, हिस्सेदार गिरगावात नि डोंबिवलीत. राबणारा एक, संमती दहाजणांची.

बुडालेल्या मुक्कामांना तर पंचनाम्यात रकानाच नाही. घर, गोठा, झाड, नौका यांची नोंद होते. मे महिन्याची गेलेली कमाई आणि मुरुड-कर्द्यातल्या डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांच्या बंद पडलेल्या फेऱ्या कोणत्या सदरात घालायच्या? मार्चपासूनच्या टाळेबंदीने हंगाम आधीच खाल्ला होता. सावरायला लागावं तोवर १६ मे २०२१ ला ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं आणि झाडावरचा उरलासुरला आंबा झोडपून गेलं.

जाता जाता ‘निसर्ग’ने रत्नागिरी शहराला एक अजब प्रेक्षणीय स्थळ दिलं. ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. खलाशी सुखरूप निघाले, जहाज वर्षानुवर्षं तिथेच राहिलं आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढत राहिले. विनाखर्चाचं थीम पार्क म्हणायचं ते हेच.

वेळासची गोष्ट जराशी वेगळी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून रुजवलेलं कासव-संवर्धन आणि त्याभोवती उभी राहिलेली घरगुती निवासव्यवस्था यांचा आधार पुळणीवर आहे. कासवाची मादी अंडी घालायला येते ती माड मोजून नाही.

बाकीच्या गावांत पूर्वी वाडीच्या उत्पन्नावर खोल्या उभ्या राहिल्या. वादळानंतर खोल्यांच्या उत्पन्नावर वाडी पोसायची वेळ आली. त्यातला धोका उघड आहे. आडवी झालेली वाडी म्हणजे आयता प्लॉट. सात वर्षं रोपं शिंपत बसण्यापेक्षा चार खोल्या वाढवल्या तर पुढच्याच हंगामात पैसे मिळतात, आणि असं करणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही. पण खोल्या वाढून सावली हटली, की कर्दे आणि घाटावरचं कुठलंही रिसॉर्ट यांत फरक काय उरला?

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि भाट्याचं नारळ संशोधन केंद्र रोपं देतात, सल्ला देतात. जायफळाचं बियांचं रोप नर की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही, म्हणून कलमं लावायची. दोन ओळींत केळ घालायची, म्हणजे पहिल्या वर्षी रोपांना आडोसा होतो आणि हातात चार पैसे येतात. मदतीचा हप्ता एकदाच येतो. तो सात वर्षांत विभागून, जगलेली रोपं मोजून दिला असता, तर प्लॉट पाडायच्या आधी वाडीवाल्याने निदान दोनदा विचार केला असता.