दख्खनच्या कातळाखालीं : भूकंपलहरींची साक्ष

जुन्या ग्रंथाच्या संपादकास कर्त्याचा मूळ पाठ बहुधा प्रत्यक्ष पाहावयास मिळत नाहीं. उपलब्ध पोथ्यांच्या साक्षीवरून तो निश्चित करावा लागतो. भूगर्भांतील शिलारचनेचे जे आलेख हल्लीं छापले जातात, तेहि याच जातीचे होत. छायाचित्राप्रमाणें दिसत असले तरी ते लहरींच्या साक्षीवरून केलेलें अनुमान आहे. तें कसें करतात व त्यावर कितपत विसंबावें, याचें अल्प विवेचन येथें योजिलें आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनानगरच्या परिसरांत मोठा भूकंप होऊन दीडशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. त्या काळ्या कातळाखालीं काय आहे, हा प्रश्न तेव्हांपासून केवळ जिज्ञासेचा राहिला नाहीं. पुढील दशकांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेनें गुहागर ते चोरोची व केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर लहरमापन केलें.

याची रीति अशी : जमिनींत छिद्र पाडून सुरुंग उडवितात व रेषेवर ओळीनें मांडलेले जिओफोन लहरींच्या आगमनाची वेळ टिपतात. कांहीं लहरी खालच्या थरावर आपटून परततात; या परावर्तित होत. खालच्या थरांत वेग अधिक असेल, तर कांहीं लहरी त्याच्या माथ्यालगत धांवून पुन्हां वर येतात. या वक्रीभूत होत. आडवळणानें परंतु चांगल्या रस्त्यानें जाणारा प्रवासी लांबच्या गांवीं आधीं पोंचावा, तशा या लहरी दूरच्या यंत्रापाशीं थेट लहरींच्या आधीं पोंचतात.

मोजली जाते ती वेळ. खोली मागाहून गणितानें काढतात. समजा, लहर ०.४ सेकंदांत परतली. कातळांतील वेग सेकंदास ५ किलोमीटर धरल्यास थराची खोली १००० मीटर येते, ४.५ किलोमीटर धरल्यास ९०० मीटर. मोजणी एकच, पाठ मात्र दोन.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. वरच्या कातळापेक्षां कमी वेगाचा गाळाचा थर खालीं असेल, तर त्याच्या माथ्यावरून वक्रीभूत लहर परत येतच नाहीं. साक्षीदार मुका राहिला म्हणजे घटना घडलीच नाहीं, असें मानतां येत नाहीं.

म्हणून विवराचें प्रत्यक्ष प्रमाण हवें. कोयनेजवळ रासाटी येथील विवरांत सुमारें ९३३ मीटरांवर कातळ संपून खालीं ग्रॅनाइट व नाइस हे प्राचीन खडक लागले. मध्यें गाळाचा थर आढळला नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथें घेतलेल्या विवरांत मात्र ३३८ मीटर कातळाखालीं सुमारें ८ मीटर गाळ व त्याखालीं प्राचीन खडक मिळाला. इतका पातळ थर लहरींच्या साक्षींत वेगळा उमटणें कठीण. परंतु विवर एकाच बिंदूची साक्ष देतें. दोन विवरांमधील शेंकडों किलोमीटरांचा संबंध लहरींवांचून जुळत नाहीं.

तात्पर्य, असा आलेख हातीं आल्यास वाचकांनीं तीन गोष्टी पाहाव्या : वेग कोणत्या आधारें धरला आहे, कोणता थर मुका राहण्याचा संभव आहे, आणि जवळपास विवराचें प्रत्यंतर आहे किंवा नाहीं. पोथीची परीक्षा करणारांस ही शिस्त नवी नाहीं.