बोअरच्या आधीचा दिवस

पहाटे साडेपाच. रोधकता मोजायचा मीटर अजून जीपमध्येच. आष्टी तालुक्यातल्या या शिवारात आधी विहिरी बघायच्या. दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजायची, भिंतीवर वरून खाली काय दिसतं ते वहीत उतरवायचं: काळी माती, मुरूम, मांजऱ्या (भोकाभोकांचा खडक), काळा पाषाण. शेजारच्या रानातला बोअर कोरडा गेलाय. त्याचे मालक सांगतात, "८० फुटांवर तांबडा गाळ निघाला, पुढं ३०० पर्यंत नुसती धूळ." हे लिहून घेते. आजूबाजूच्या विहिरी न बघता मीटरचे आकडे वाचू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

सात. बोअर घ्यायचाय ते आबा. त्यांच्या रानात लिंबाचा पाला ठेवलाय. नारळावर पाणाड्यानं दाखवलेला पॉइंट. "मॅडम, आधी तिथंच लावा मशीन." लावते. त्यांच्या मनातली शंका तिथंच फिटली पाहिजे. वरून विजेची लाइन जाते, म्हणून रेघ तिला काटकोनात आखते. तारेचं कुंपण आणि लोखंडी पाइप टाळते.

साडेसात ते साडेदहा. चार सळया एका ओळीत. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन सळयांमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा. त्यावरून खडकाची रोधकता निघते, ओहम-मीटरमध्ये. कॉनराड श्लुम्बर्जेनं १९१२ च्या सुमारास फ्रान्समध्ये सुरू केलेल्या प्रयोगांतून आलेली ही पद्धत. बाहेरच्या सळया लांब सरकवाव्या तशी वीज खोल उतरते. दीड मीटरपासून सुरुवात, शेवटी मध्यापासून दोन्हीकडे १०० मीटर. दोन पोरं रिळं घेऊन पळतात, मी "लावा!" म्हणून ओरडते. रान इतकं वाळलंय की सळईला ओल सापडत नाही, मग बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं. आकडा उडाला तर सळई पुन्हा ठोकून तोच आकडा परत घ्यायचा. इथे आळस करू नये. एक खोटा आकडा सगळ्या आलेखाला खोटं वळण देतो.

अकरा. बाभळीखाली आलेख. सुरुवातीला १० च्या आत, ती काळी माती. मग चढत शंभराच्या वर, तो अखंड पाषाण. शेवटी उतार. आबा रेघेवर बोट ठेवतात. "खाली आली की! पाणी?"

मीटरला पाणी दिसत नाही, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगते. ओलसर, भेगाळलेला बेसाल्ट रोधकता कमी दाखवतो आणि दोन लाव्हाथरांमधला तांबडा चिकट थरही कमीच दाखवतो. त्या मातीत ओल मुरते, पण ती पाणी सोडत नाही. खालच्या मांजऱ्याची भोकंही पुष्कळदा पांढऱ्या खनिजानं भरून बंद झालेली असतात. शेजारचा तांबडा गाळ आठवला, की हा उतार कसला ते कळतं.

साडेबारा. भाकरी, ठेचा.

दोन ते पाच. ओढ्याच्या अंगाला दुसरी रेघ. इथे आकडे सावकाश चढतात, २० ते ४० मध्ये बराच वेळ रेंगाळतात. साधारण १५ मीटरपर्यंत कुजका खडक असावा. जवळच्या विहिरीत त्याच उंचीला पाझर सकाळीच दिसला होता.

सहा. "आबा, बोअर नको. ओढ्याकडं विहीर घ्या."

"गाडी उद्या येतीय. ॲडव्हान्स दिलाय. एजंट म्हणतो, ५०० फूट जाऊ."

२००९ चा भूजल कायदा शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जाऊ देत नाही. आणि पैसे फुटावर मोजले जातात, पाणी लागो न लागो. शिवाय ओढ्याकडं बोअर घेतला तरी वरच्या मऊ थराला केसिंग टाकावं लागेल, आणि पाणी तर त्याच थरात आहे. साध्या पाइपानं तेच बंद होईल. विहिरीला चारी बाजूंनी पाझर मिळतो. ॲडव्हान्स बुडाला तर बुडू द्या, मी स्पष्ट सांगते. रोजगार हमीतून सिंचन विहिरीचा अर्ज करता येतो, कागद मी बघते.

आबा बराच वेळ बोलत नाहीत. मग फोन काढून गाडी थांबवायला सांगतात.

साडेसात. रिळं गुंडाळून ठेवली, सळया पुसल्या. उद्या ओढ्याला समांतर अजून एक रेघ घ्यायची. कुजका खडक कुठं सर्वांत जाड आहे ते कळल्याशिवाय विहिरीची जागा आखून देणार नाही.