वनस्पतिजन्य परिरक्षके (ताजे दुग्धजन्य पदार्थ)

वनस्पतिजन्य परिरक्षके म्हणजे पनीर, खवा यांसारखे ताजे दुग्धजन्य पदार्थ लवकर नासू नयेत म्हणून वापरले जाणारे वनस्पतींचे अर्क व बाष्पनशील तेले. पनीर साध्या तापमानास जेमतेम एक दिवस, तर शीतकपाटात सुमारे आठवडाभर टिकते. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड व ओव्यातील थायमॉल ही अशी प्रमुख द्रव्ये होत. ती मेदात विरघळणारी असल्याने जीवाणूंच्या पेशीपटलात शिरतात. पटल विस्कटून पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपतात.

खरी अडचण दुधातच आहे. ज्या गुणामुळे ही तेले पेशीपटलात शिरतात, त्याच गुणामुळे ती दुधाच्या स्निग्धांशातही विरघळून बसतात आणि जलांशात वाढणाऱ्या जीवाणूंपर्यंत थोडीच पोहोचतात. परिणामी प्रयोगशाळेतील पोषक द्रावणात पुरेशी ठरणारी मात्रा पनीरमध्ये अपुरी पडते. ती वाढवावी, तर पनीरला लवंगेचा उग्र दर्प येतो. पनीर मुख्यतः पृष्ठभागाकडून बिघडत असल्याने अर्क दुधात मिसळण्यापेक्षा तुकडे अर्कात बुडवणे अधिक सयुक्तिक. दूध नीट तापवणे व पनीर थंड ठेवणे यांना मात्र अर्क हा पर्याय नव्हे.

महाराष्ट्रात लोणी कढवताना विड्याचे पान घालतात, त्याचा दाखला या संदर्भात दिला जातो. परंतु तो प्रश्न निराळा आहे. तुपात पाणी जवळजवळ नसते, म्हणून जीवाणू वाढत नाहीत. तूप खवट होते ते ऑक्सिडीकरणाने, आणि पानातील फिनॉलवर्गीय द्रव्ये ती क्रिया लांबवतात. श्रीखंडातील वेलदोडा तर निव्वळ स्वादापुरता. श्रीखंड टिकते ते आंबटपणामुळे व साखरेमुळे.